आधी न्याहारी

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय 47, एकट्या राहतात, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आईनं चाळीस वर्षं विड्या वळून दोन मुलं वाढवली. शेवटची तीन वर्षं ती अर्धांगानं अंथरुणाला खिळली होती, वाचाही जवळपास गेली होती. सगळं ताईंनी एकटीनं केलं. भाऊ पुण्याहून दोनदा येऊन गेला. आई जाण्याच्या तीन दिवस आधी, रात्री तिसऱ्यांदा अंथरूण बदलताना ताईंच्या तोंडून गेलं, "मर एकदाची. तू सुट आणि मलाही सोडव." आईनं ते ऐकलं. सकाळी तिनं चांगल्या हातानं आपली दूध-भाकरीची वाटी ताईंकडे सरकवली. ताईंना उशीर झाला होता, वाटीला हात न लावता त्या कामाला गेल्या. याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्यांनी प्रभुभोजन (उपासनेत येशूच्या आठवणीनं घेतात ती भाकर आणि प्याला) घेतलेलं नाही. दशांशाऐवजी, म्हणजे नेहमीच्या दहाव्या हिश्शाऐवजी, पगाराचा पाचवा हिस्सा मंडळीला (चर्चला) देतात, शुक्रवारी पाणीसुद्धा न घेता उपास करतात, शनिवारी दवाखान्यात जाऊन अनोळखी रुग्णांची सेवा करतात. झोप लागत नाही. पाळक म्हणतात, "कृपा फुकट आहे, घ्या." ताई विचारतात: "फुकटचं खाऊ नये, हे मला आईनंच शिकवलं. मी अजून किती केलं म्हणजे पुरेल? आणि कृपा खरंच फुकट असेल, तर काहीच न केलेल्या भावालाही तीच मिळणार? तो आता घरात अर्धा वाटा मागतोय आणि वर म्हणतो, प्रभूनं मला क्षमा केली, तूही कर."

ताई, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या रात्रीपाशी थांबले. ते शब्द वाईट होते. "सगळ्यांच्याच तोंडून जातं हो" असं म्हणून मी ते पुसणार नाही. तसं म्हणणारी माणसं तुम्हाला भेटली आहेत आणि त्यानं तुमचं काही हलकं झालेलं नाही, हे पत्रातच दिसतं. पण त्या एका रात्रीआधी हजारावर रात्री होत्या. दिवसभर कारखान्यात जमा-नावे मांडायचे, रात्री दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. चादरी, औषधं, भरवणं, पुन्हा चादरी. त्या रात्रींबद्दल तुम्ही जेमतेम दीड ओळ लिहिली आहे आणि एका वाक्याबद्दल तीन पानं. हिशेब लिहिणाऱ्या बाईनं वही अशी मांडावी, याचं मला नवल वाटलं.

तुमच्या पत्रातल्या एका आठवणीवर मी फार रेंगाळले. लहानपणी तुम्ही आईबरोबर वळलेल्या विड्या द्यायला जायचा. तपासणारा माणूस बंडलं उलटीपालटी करून विड्या बाजूला टाकायचा, छाट काढायचा. छाट म्हणजे हात दुखून वळलेली, पण मजुरीत न धरलेली विडी. पान तुमचं भिजवलेलं, दोरा तुमचा बांधलेला, वेळ तुमचा गेलेला, आणि तो एका बोटानं ठरवणार की हे चालत नाही. तुम्ही लिहिता, "आईचा चेहरा तेव्हा बघवत नसे. मला देव आता त्या माणसासारखाच दिसतो." ताई, तुमची दुखरी जागा मला इथे दिसते. तुम्ही दीड वर्ष हजार विड्यांचा आकडा पुरा करायला धडपडता आहात आणि समोर तो तपासणारा बसलेला आहे. असल्या माणसापुढे कितीही विड्या ठेवल्या तरी पुरे होत नाही, कारण पुरे झालं की नाही हे त्याच्या बोटावर असतं.

आता "फुकटचं खाऊ नये" याकडे येते. ही शिकवण खरी आहे आणि तिचा मान राखूनच मी बोलणार आहे. कापसाच्या धुळीत चादरी विणणाऱ्यांचं आणि गुडघा मोडून विड्या वळणाऱ्या बायांचं हे शहर. ज्यांचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि ते तळंही लोकांच्या कष्टानं उभं राहिलं अशीच आठवण गाव सांगतं. शरणांनी, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या लिंगायत संतांनी, कष्टाला कायक म्हटलं, त्यालाच पूजा मानलं. अशा गावात ऐतखाऊ हा शब्द शिवीसारखाच लागतो. पण त्याच शरणांनी कायकाच्या जोडीला दासोह ठेवला, म्हणजे मिळवलेलं आलेल्यागेलेल्याला वाढणं. ख्रिस्ती कृपा आणि दासोह एक आहेत असं मी म्हणत नाही, दोन्हींची मुळं वेगळी आहेत. एवढंच म्हणते, की कष्टाला देव मानणाऱ्यांनाही न मोजता वाढलेलं ताट ओळखीचं होतं.

आणि तुमच्या आईनं "फुकटचं खाऊ नये" हे कुठे वापरलं, ते जरा आठवा. मालकाशी, मुकादमाशी, उधारीच्या दुकानाशी. जिथे फुकट घेतलेल्याची किंमत नंतर मान खाली घालून चुकवावी लागते, तिथे. घरात तिनं हा नियम लावला होता का? तुम्ही सहा वर्षांच्या असताना तापानं पडलात, तेव्हा ताट वाढण्याआधी तिनं तुमच्याकडून किती विड्या वळून घेतल्या? हे मला विचारावंसं वाटतं, कारण बाहेरच्या जगात मान राखण्यासाठी दिलेला नियम तुम्ही घरात आणून बसवला आहे, आणि देवाला घराबाहेर, टेबलामागे.

यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. मराठीत कृपा म्हटलं की वरच्याची मेहेरबानी डोळ्यांसमोर येते. साहेबांची कृपा, अमक्याची कृपादृष्टी. अशा कृपेला उपकाराचं ओझं चिकटलेलं असतं, देणारा ती आयुष्यभर आठवण करून वसूल करतो. स्वाभिमानी माणूस तिच्यापासून लांबच राहणार. "फुकट" या शब्दाची गत त्याहून वाईट: फुकट ते टाकाऊ, नाही तर फुकट त्यात काहीतरी गोम. पाळकसाहेबांचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या कानाला तो शब्द टोचणारच होता. नव्या करारात कृपेसाठी जो ग्रीक शब्द आहे तो खारिस. त्यात प्रसन्नता आहे, देणगी आहे, आणि त्याच धातूपासून आभार मानण्याचा शब्दही झाला आहे. प्रभुभोजनाला पुष्कळ मंडळ्यांत यूखरिस्ट म्हणतात, त्याच्या पोटात हाच खारिस बसलेला आहे.

बायबलमध्ये रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल अगदी मजुरांच्या भाषेत बोलतो. काम करणाऱ्याला जे मिळतं ती त्याची मजुरी, ते देणं मालकाला भागच असतं, त्याला कृपा म्हणत नाहीत. कृपा या हिशेबाच्या बाहेर सुरू होते. म्हणून "किती केलं म्हणजे पुरेल" या प्रश्नाला मी आकडा देऊ शकत नाही. तुमच्या मजुरीचा दर कमी पडतोय असं नाही. तुम्ही चुकीच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या आहात.

तुम्ही पौलाच्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा धाक घातला आहे, स्वतःलाच: जो अयोग्य रीतीनं भाकरी खाईल आणि प्याला पिईल तो दोषी ठरेल. लहानपणापासून आपण हे वचन ऐकतो आणि पुष्कळ चांगली माणसं त्यापायी प्रभुभोजनाच्या मेजापासून लांब राहतात. कृपा करून तो अकरावा अध्याय थोडा वरून वाचा. पौल चिडला आहे तो कशावर? करिंथमध्ये काही जण आधी येऊन खाऊन-पिऊन घेत, एखादा झिंगतही असे, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. अयोग्य रीत म्हणतो ती ही, शेजारच्या भुकेल्याला न ओळखता खाण्याची. पश्चात्तापानं पिळून निघालेल्या बाईला हाकलण्यासाठी ते लिहिलेलं नाही. आणि लगेच पुढे काय म्हणतो? माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करावी आणि उठून जावं, असं नाही. तुम्ही दीड वर्ष परीक्षा केली. वाक्याचा दुसरा भाग राहिला आहे. (कॅथलिक वाचकांसाठी: तुमच्याकडे आधी पापनिवेदनाची वाट आहे, ती सोडून द्या असं मी सांगत नाही. पण तीही मेजापर्यंत पोचवण्यासाठीच आहे. आणि कृपेवरून ज्या दोन बाजूंमध्ये 1517 पासून वाद पेटला, त्यांपैकी कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबुर्गला एका निवेदनावर सह्या केल्या: आपल्या पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो. एवढ्यावर एकमत व्हायला जवळजवळ पाच शतकं लागली, तेव्हा तुम्हाला दीड वर्ष लागलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.)

मला तुमच्यासोबत वाचायचा आहे तो योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय. येशूला पकडलं त्या रात्री, ऐन वेळी, त्याचा शिष्य पेत्र यानं तीनदा सांगितलं होतं, मी या माणसाला ओळखत नाही. कोळशाच्या शेकोटीजवळ उभा राहून. ज्याच्यासाठी जीव देईन म्हणाला होता, त्याला तोडून टाकणारे शब्द. आणि मग तो माणूस क्रुसावर गेला, म्हणजे शब्द परत घेण्याची सोयच उरली नाही. ताई, ही तुमचीच रात्र आहे. पुढे पेत्र गालीलाच्या तळ्यावर रात्रभर जाळं टाकतो, काही लागत नाही. पहाटे काठावर येशू उभा. कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि जवळ भाकर. तो म्हणतो, या, न्याहारी करा. त्यांनी खाल्लं. खाऊन झाल्यावर मग त्यानं विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा विचारलं. पेत्राला ते लागलं, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे ती जखम कुणी झाकून ठेवली नाही. आणि त्यानंतर काम दिलं: माझी मेंढरं चार.

क्रम बघा. आधी न्याहारी, मग प्रश्न, मग काम. तुम्ही उलटीकडून चालला आहात. आधी दवाखाना, उपास, पाचवा हिस्सा, मग स्वतःला प्रश्न, आणि न्याहारी कधी तरी, पात्र झाल्यावर. माझे वडील खेडोपाडी पाळक होते. ते म्हणायचे, भाकर द्यायला गेलं की सगळ्यात मागे सरतो तो खरा भुकेला असतो, त्याला शोधून द्यावी लागते.

आता त्या वाटीबद्दल. तुमच्या आईच्या मनात काय होतं, हे मी सांगू शकत नाही आणि सांगण्याचा आव आणणार नाही. कदाचित तिला भूक नसेल. पण जिला बोलता येत नव्हतं, जिला एकच हात चालत होता, तिनं रात्रीचं ऐकल्यानंतर सकाळी तो हात वाटी तुमच्याकडे सरकवायला वापरला. तुम्ही ते पत्राच्या तळाशी, स्वतःवर आणखी एक आरोप म्हणून लिहिलं आहे: "मी तेही घेतलं नाही." मी ते आईच्या बाजूनं वाचते. तुम्ही काही म्हणण्याआधी, माफी मागण्याआधी, वाटी पुढे आली होती. घाईत हात लावला नाही, हे खरं. पण न घेतल्यामुळे देणं घडलंच नाही, असं होत नाही.

भावाकडे वळते. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे, तुमच्याशी नाही. "प्रभूनं क्षमा केली, तूही कर आणि वाटा दे" असं म्हणणाऱ्यानं कृपेचा उपयोग पावती मागणारं तोंड बंद करायला केला आहे. हिटलरच्या काळात जर्मनीत डीट्रिख बॉनहोफर नावाचा एक पाळक होता. 1937 मध्ये त्यानं अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटलं: पश्चात्तापाशिवाय क्षमा, काही न बदलता मिळवलेलं समाधान. त्यानं स्वतः किंमत मोजली, 9 एप्रिल 1945 रोजी नाझींनी त्याला फाशी दिलं. कृपा मिळवायला काही लागत नाही, पण मिळाल्यावर ती माणसाला होता तसा बसू देत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराच्या घरी येशू आधी पाहुणा म्हणून गेला. चौपट परत देईन असं जक्कय त्यानंतर म्हणाला, आणि ते घरपट्टीची पावती दाखवावी इतकं ठोस होतं.

म्हणून क्षमा आणि हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. क्षमा म्हणजे भावाचा सूड मनात न पाळणं. ती तुमच्या वेळेनं होईल, त्याच्या मागणीनं नाही. हिशेब कागदावर होतो. घर आईच्या नावावर असेल, वडील हयात नसतील आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे मुलगा-मुलगी यांना समान वाटा असतो. म्हणजे कायद्यानं त्याचं म्हणणं चुकीचं ठरेलच असं नाही, हे आधी पचवा. पण तीन वर्षांची औषधं, दवाखाना, घराची डागडुजी यांच्या पावत्या तुमच्याकडे असणारच. त्या लावून ठेवा, वकिलाला दाखवा, आणि भावासमोर त्या मांडताना अपराधी वाटून घेऊ नका. खर्चाचा अर्धा भाग मागितल्यानं तुम्ही कमी ख्रिस्ती होत नाही.

आणि हो, त्यालाही तीच कृपा मिळणार का? मिळणार. येशूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुऱ्या दिवसाची मजुरी मिळाली, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. विडी कामगाराच्या मुलीला तो दाखला अन्यायाचाच वाटणार, मला त्यात काही वावगं दिसत नाही. फक्त एक विचारते. पहाटेपासून कामावर असलेल्याला एक गोष्ट मिळाली होती, जी संध्याकाळी आलेल्याला मिळाली नाही. तो दिवसभर, आज आपल्याला कुणी बोलावेल का, या काळजीत नाक्यावर उभा नव्हता. तुम्ही तीन वर्षं आईजवळ होतात. तिचे केस विंचरलेत, तिचा खुणावणारा डोळा फक्त तुम्हाला कळायचा, असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या भावाला ते कधीच मिळणार नाही. त्यानं देवापुढे कितीही रडलं तरी नाही. तुम्ही केलं त्याचा अर्थ तिथे आहे, त्याच खोलीत, आणि तो कुणाला वाटून देता येत नाही.

आता करायचं काय. शुक्रवारचा बिनपाण्याचा उपास थांबवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो देवापेक्षा मूत्रपिंडालाच आधी कळेल. पाचवा हिस्सा दशांशावर आणा, उरलेलं तुमच्या म्हातारपणासाठी ठेवा, तुम्हाला बघायला कोण आहे? शनिवारचा दवाखाना लगेच सोडू नका, पण एक महिना खंड पाडा. मग पुन्हा जावंसं वाटलं तर जा. पाय ओढत न जाता आपोआप निघाले, तर ती सेवा शिक्षेतून बाहेर आली असं समजा. त्या रात्रीचं वाक्य एकदा मोठ्यानं, एका माणसाला, जसंच्या तसं सांगा. पाळक, पाळकीणबाई, जुनी मैत्रीण, कुणीही, जे मध्ये बोलणार नाही. मला लिहिलंत हे चांगलं केलंत, पण कागदाला डोळे नसतात. आणि दीड वर्ष झोप नाही, ही एकट्या प्रार्थनेनं निभावायची गोष्ट नाही. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीत बोलतात. फोन करा, गरज वाटली तर डॉक्टरांना भेटा.

हे वाचणाऱ्यांत असे कितीतरी असतील ज्यांच्या घरी आज कुणी अंथरुणावर आहे. तुमच्याही तोंडून असं काही जाईल, किंवा गेलं असेल. आठवड्यातली एक रात्र दुसऱ्या कुणावर सोपवा. भाऊ, पुतण्या, मंडळीतला कुणी तरुण, परवडत असेल तर पगारी बाई. लाजू नका. आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनो, अशा घरी डबा घेऊन जाण्याबरोबर एखादी रात्र जागायलाही जा.

ताई, तुमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसता आणि ताट येण्याआधी उठून बाहेर जाता. या वेळी मधल्या रांगेत, भिंतीच्या कडेला बसा, म्हणजे उठायचं झालं तर चार जणींना सरकावं लागेल. ज्या बाईला ते वाक्य सांगाल, तिलाच शेजारी बसवा. ताट आलं की हात पुढे करा, थरथरला तरी चालेल. आणि घरी आल्यावर वाटीभर दुधात भाकरी कुस्करा, आणि बसून, उशीर झालेला नसताना, खा.